आवाजाला घातलेलं कुलूप

टक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी हाती लागेल त्या वस्तूवर बोटाने टकटक करायची आणि ती आतून भरीव आहे की पोकळ, हे कान लावून ऐकत बसायचं, अशी त्याला खोड होती. आक्काने त्यावरून नाव पाडलं आणि त्याची पन्नाशी उलटली तरी ते काही गेलं नाही. खोड मात्र कामाला आली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एखाद्या इमारतीतून बोलावणं आलं की आधी हत्यारांची पिशवी उघडायची नाही. नुसतं लिफ्टमध्ये उभं राहायचं, डोळे मिटायचे, एकदा वर जायचं, एकदा खाली यायचं. मग बाहेर येऊन तो सांगायचा, "चौथ्या मजल्याच्या दाराचा रोलर झिजलाय." दहातल्या नऊ वेळा ते तसंच निघायचं. कंपनीतले साहेब लोकसुद्धा त्याच्या कानाला मान द्यायचे.

अशा कानाच्या माणसाने आपल्या सख्ख्या बहिणीला दीड वर्ष बहिरी ठरवून ठेवलं.

आक्का त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा टक्या पाच वर्षांचा होता आणि वडील असून नसल्यासारखे. आक्काने हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात नोकरी धरली आणि पस्तीस वर्षं चादरींना इस्त्री केली. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायची, "आधी याला मार्गी लावते." तो मार्गी लागला, त्याचं लग्न झालं, लेक झाली. तोवर आक्काला विचारणारे थांबले होते. ती त्याच्याच घरी राहिली आणि त्याच्या बायकोशी तिचं भांडण कधी एका चहापेक्षा जास्त टिकलं नाही.

निवृत्त झाल्यावर आक्का घरी बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण गल्लीच्या टोकाला एक दाताचा दवाखाना होता. तिथे रोज चार तास फोन घ्यायला माणूस हवं होतं. आक्का स्वतः जाऊन विचारून आली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. पस्तीस वर्षं वाफेत उभं राहिलेल्या बाईला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, टेबलावर फोन मिळाला. "दवाखाना, बोला," हे ती अशा रुबाबात म्हणायची की टक्याची लेक घरात तिची नक्कल करायची आणि आक्काच सगळ्यांत जास्त हसायची. कोणाची अक्कलदाढ, कोणाचं मूल दाराशीच भोकाड पसरतं, सगळं तिच्या जिभेवर. दुपारी दोनला घरी आली की जेवायची आणि टीव्ही लावून बसायची. तिची एक मालिका होती, तीन बहिणींची. ती तिने पहिल्या भागापासून धरली होती.

घोडं अडलं ते या टीव्हीपाशी.

टक्याने तो टीव्ही हौसेने घेतला होता आणि त्याहून हौसेने त्याच्यासाठी भिंतीत प्लायवूडचं कपाट करून घेतलं होतं. टीव्ही त्यात चपखल बसला. आजकालच्या पातळ टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला असतात. त्यामुळे आवाज आधी कपाटात घुमायचा आणि मग बाहेर यायचा. बोलणं कोंडल्यासारखं व्हायचं. आक्का आवाज वाढवायची. टक्याची ड्यूटी विचित्र, पहाटे कोणी लिफ्टमध्ये अडकलं की धावायचं आणि दुपारी झोपायचं. त्याच्या झोपेत तीन बहिणी रडायच्या. एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि दारातूनच म्हणाले, "अहो, आमच्या घरी टीव्ही घ्यायची गरजच उरली नाही."

त्या दिवशी टक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्काला काही बोलायची त्याची छाती नव्हती. ज्या बाईने आपल्याला वाढवलं तिला आवाज कमी कर कसं म्हणायचं? मग त्याने माहितीपुस्तिका काढली. त्यात त्याला एक सोय सापडली. टीव्हीच्या आत, चार-पाच पायऱ्या खाली, आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येत होती. त्याने ती निम्म्याहून खाली आणली. गंमत म्हणजे पडद्यावरची आवाजाची पट्टी मात्र पूर्ण भरलेली दिसायची. म्हणजे बटण दाबणाऱ्याला वाटावं, झाला, यापुढे आवाजच नाही.

टक्या स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. त्या दुपारी त्याला तीन तास गाढ झोप लागली.

आठवड्याभराने आक्का चहा पिताना म्हणाली, "टक्या, माझे कान चाललेत वाटतं. पट्टी शेवटाला जाते तरी बोललेलं कळत नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण त्याची बायको पटकन म्हणाली, "होणारच आक्का, धुलाईखान्यातल्या त्या मशिनी काय कमी घरघरायच्या?" आणि आक्काने मान हलवली. टक्याने कपात तोंड घातलं. मनात म्हणाला, बघू, दोन दिवसांनी मर्यादा काढून टाकू. दोन दिवसांनी त्याला पहाटेचं बोलावणं आलं आणि झोप हवी होती.

एकदा घराने ठरवलं की माणूस बहिरा आहे, की तो बहिरा व्हायला फार वेळ लागत नाही. लेक आक्काशी ओरडून बोलू लागली. बायको एकच गोष्ट दोनदा सांगू लागली. आक्का स्वतःही चाचपडू लागली. कोणी पाठीमागून बोललं आणि तिचं लक्ष नसलं, तर पूर्वी ती "काय गं?" म्हणायची; आता गप्प राहून नुसती हसायची. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या, असं टक्याच्या बायकोने एकदा सुचवलं. "वयाला औषध नसतं," म्हणून आक्काने विषय मिटवला. आणि टक्या? त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. तपासणीत काय निघेल हे त्याला आतून माहीत होतं.

मग तो दवाखान्याचा प्रकार झाला. फोनवर कोणीतरी नाव सांगितलं, लाइन खराब होती, आक्काने भलतंच नाव लिहून घेतलं. एका वेळेला दोन पेशंट येऊन बसले. चूक एवढीच. डॉक्टर काही बोललेसुद्धा नाहीत. पण आक्काने दुसऱ्या दिवशी जाऊन काम सोडलं.

"कोणाचा दुखरा दात राहायचा आणि दुसराच उपटला जायचा," ती घरी येऊन म्हणाली. विनोद केला, पण पदर तोंडावरून फिरवला तो जरा जास्तच वेळ.

त्या संध्याकाळी टक्या गच्चीवर जाऊन उभा राहिला. खाली जाऊन सांगायचं, असं त्याने तीनदा ठरवलं. पण आता नुसती मर्यादा सांगून भागणार नव्हतं, तीन महिने गप्प का बसलो हेही सांगावं लागणार होतं. आणि पुढे त्या गप्प बसण्यात एकेक महिना वाढत गेला. चोरून मर्यादा काढावी तर आक्का विचारणार, आज एकाएकी आवाज कसा वाढला? बिघाड जितका जुना तितका उघडायला जड. लिफ्टचं हे तत्त्व तो दुसऱ्यांना सांगायचा.

दीड वर्षाने त्याला साउंडबारची कल्पना सुचली. सोबतच्या एका मेकॅनिकने घेतला होता. टीव्हीखाली एक लांबट पेटी ठेवायची, एक वायर जोडायची, की टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद आणि आवाज त्या पेटीतून. टक्याच्या डोक्यात प्रकाश पडला. टीव्हीची मर्यादा टीव्हीपाशीच राहील, पेटीचा आवाज वेगळा. आक्काला ऐकू येईल, श्रेय पेटीला जाईल आणि आपलं पाप कपाटात कायमचं गाडलं जाईल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

रविवारी तो दुकानात गेला. आवाजाच्या विभागात एक पन्नाशीची बाई होती, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. टक्याने आधीच सांगितलं, "ताई, फार महागातलं दाखवू नका. साधं घर, साधी खोली."

"स्वस्तातले चार आहेत," ती म्हणाली. "आणि चारांतले दोन मी माझ्या घरी नेणार नाही. ते दोन दाखवत नाही."

तिने उरलेले दोन लावून दाखवले. एक चांगला हातभर लांब, सोबत जमिनीवर ठेवायची ठोकळ्यासारखी वेगळी पेटी. ती धडधडली की छातीत वाजायचं. दुसरा आखूड, काळा, दिसायला अगदीच गरीब, एखाद्या कंपासपेटीसारखा. टक्याला पहिला आवडला. वाटलं, आक्काला द्यायचं तर भरभक्कम द्यावं.

"ऐकणार कोण?" बाईने विचारलं.

"माझी मोठी बहीण. तिला..." तो अडखळला. "तिला जरा कमी ऐकू येतं."

"मग हा धडधडणारा कशाला? त्याने भांडी वाजतील, बोलणं नाही कळणार. या छोट्यावर बघा, संवाद उठून येण्यासाठी वेगळं बटण आहे. आणि टीव्हीच्याच रिमोटने याचा आवाज कमीजास्त होतो. मोठ्याला दुसरा रिमोट लागतो. घरात दोन रिमोट झाले की एक कायम सोफ्याच्या फटीत." मग तिने चष्मा चढवून विचारलं, "तुमच्या टीव्हीच्या मागे याची वायर जोडायला एआरसी लिहिलेली जागा आहे का?"

टक्याने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यासाठी सकाळी त्याने टीव्ही कपाटातून अर्धा बाहेर ओढला होता.

"आहे. पण माझं ऐका, बहिणीलाच घेऊन या. कान तिचे आहेत."

त्याला ते नको होतं. पण नाही म्हणायला कारण सुचेना. दुसऱ्या दिवशी तो आक्काला घेऊन गेला. आक्काने ठेवणीतली साडी नेसली होती. दुकानात शिरताच ती बाईला म्हणाली, "मोठ्याने बोला हं, मी बहिरी आहे."

बाईने तिला खुर्ची दिली आणि आधी मोठा लावला. "हे तर युद्ध चाललंय," आक्का म्हणाली. मग छोटा लावला. पडद्यावर एक म्हातारा आपल्या नातीशी हळू आवाजात बोलत होता. आक्का ऐकत राहिली. म्हाताऱ्याने काहीतरी कोपरखळी मारली आणि आक्का खुदकन हसली. टक्याची लेक दवाखान्याची नक्कल करायची तेव्हा हसायची, तशी.

बाई तिच्या खुर्चीच्या मागे उभी होती. तिथूनच तिने आवाज अजून कमी केला आणि साध्या आवाजात म्हणाली, "पायाशी गार वारा लागतोय का? पंखा वळवू का?"

"नको, बरं वाटतंय," आक्का पडद्याकडेच बघत म्हणाली.

बाई समोर आली. "मावशी, तुम्ही बहिऱ्या नाही. मी मागून बोलले, तेही हळू. बहिऱ्या माणसांना मी रोज बघते, माझी सासू आहे तशी. तुमच्या टीव्हीतच काहीतरी गोम आहे."

आक्काने टक्याकडे पाहिलं. टक्याच्या तोंडून आपोआप निघालं, "हो, स्पीकर गेला असेल टीव्हीचा." स्वतःचा आवाज त्याला परक्याचा वाटला.

आक्काने छोटाच पसंत केला. टक्याने पैसे दिले. परतताना तो खोका काखेत धरून चालत होता आणि आक्का शेजारून. बागेपाशी तिचे गुडघे बोलू लागले म्हणून दोघं बाकावर बसले. समोर एक माळी झाडांना पाणी घालत होता.

"म्हणजे माझे कान ठीक होते," आक्का हळूच म्हणाली. "एका फुटक्या स्पीकरपायी मी दवाखाना सोडला. वेडीच मी. एकदा कानाच्या डॉक्टरला जाऊन दाखवायचं तरी होतं."

ती स्वतःला दोष देत होती. ते मात्र टक्याला सोसवेना.

"आक्का, स्पीकर फुटला नव्हता. मी आवाजाला कुलूप घातलं होतं."

त्याने सगळं सांगितलं. खालचे गृहस्थ, माहितीपुस्तिका, भरलेली दिसणारी पट्टी. संपल्यावर तिने एकच विचारलं, "कधी?"

"गेल्याच्या गेल्या वर्षी. पावसाळा संपता संपता."

"दवाखाना सोडायच्या आधी."

"हो."

"मी सोडून आले, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, आक्का."

तिने उठताना बाकाला हात टेकला. टक्याने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. घरापर्यंत ती त्याच्या दहा पावलं पुढे चालली, त्या गुडघ्यांनी.

घरी कळल्यावर त्याच्या बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लेक तेवढ्यावर थांबली नाही, तिने सरळ विचारलं, "बाबा, मी आत्यावर दीड वर्ष ओरडत होते. ते तुम्ही ऐकत होता ना?" आक्का त्याला जेवायला वाढायची, चहा द्यायची, पण शब्द देत नव्हती. खोका कोपऱ्यात तसाच पडून होता, कारण आक्काने फर्मान काढलं होतं की त्याला कोणी हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशी टक्या दाताच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांपुढे उभं राहून त्याने झाला प्रकार सांगितला. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत होता. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "तुमच्या आक्कांसारखं माणूस मिळालं नाही. पण आता दुसऱ्या बाई आहेत, वर्ष झालं. त्यांना कशी काढू?" बाहेरच्या टेबलावर त्या दुसऱ्या बाई फोनवर बोलत होत्या. टक्या त्यांच्याकडे न बघता बाहेर पडला.

आक्काला ते कळलंच. गल्ली केवढी ती! संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि चार दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"माझ्या वतीने भीक मागायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"आक्का, मला वाटलं..."

"तुला वाटलं. तेव्हाही तुलाच वाटलं, आताही तुलाच वाटलं. मला विचारायचं कधी वाटलं तुला? आवाज कमी कर म्हणाला असतास तर मी काय तुला खाल्लं असतं? लहानपणी तुझी झोप मोडू नये म्हणून मी अंधारात चाचपडत स्वयंपाक केलाय रे."

टक्या पन्नाशीचा माणूस, पण खाली मान घालून उभा राहिला आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायलाही हात उचलला नाही. आक्काने ते पाहिलं. जवळ आली नाही.

थोड्या वेळाने ती टीव्हीसमोर बसली. "ये इकडे. दाखव मला, कुठे असतं ते कुलूप."

त्याने रिमोट घेतला. "तू नको," ती म्हणाली, "मी दाबते. तू सांग." त्याने एकेक पायरी सांगितली, तिने एकेक बटण दाबलं. मर्यादेचा आकडा आला तेव्हा ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग तिने तो हळूहळू वर नेला, अगदी शेवटापर्यंत. "आता परत पहिल्यापासून," ती म्हणाली. तीनदा केलं. तिला पाठ झालं तेव्हा थांबली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. कोणाला सोबत घेतलं नाही. डाव्या कानाने किंचित कमी, वयाच्या मानाने उत्तम, असा कागद मिळाला. तो तिने फ्रिजवर चिकटवला, दूध काढायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर.

साउंडबार पुढच्या रविवारी लागला. टक्याने वायर जोडली, पेटी कपाटाच्या बाहेर, पुढच्या फळीवर ठेवली. जोडताना आक्का खुर्ची ओढून शेजारी बसली होती. कुठली वायर कशाला, हे तिने विचारून घेतलं. तीन बहिणी पहिल्यांदा स्वच्छ बोलल्या, तेव्हा कळलं की मधल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव आक्का दीड वर्ष भलतंच समजत होती. ती पोट धरून हसली, बायको हसली, लेक हसली. टक्याला हसू आलं नाही.

नोकरी परत मिळाली नाही. आक्का दुसरीकडे विचारायलाही गेली नाही. "आता सवय मोडली," म्हणाली. ती त्याच्याशी पुन्हा बोलू लागली, टक्या म्हणून हाकही मारू लागली. पण रिमोट ती आता स्वतःच्या खोलीत, उशीपाशी ठेवते. आणि टक्या पहाटेच्या कामावरून येऊन दुपारी आडवा होतो, तेव्हा बाहेरच्या खोलीतला आवाज आपोआप खाली येतो. त्याने सांगितलेलं नसतं. तो पडल्या पडल्या ऐकतो. पुटपुट ऐकू येते, शब्द कळत नाहीत. मग तो उठतो, बाहेर जातो आणि म्हणतो, "आक्का, वाढव."

"तुझी झोप?"

"वाढव तू."

ती पट्टीची दोन घरं वाढवते. तो परत जाऊन पडतो. झोप काही लागत नाही.